चार दारांची वेगवान गाडी: जुनी घेताना आणि सांभाळताना

चार दारे, पाच माणसांची बैठक आणि मागे ऐसपैस डिकी असे कुटुंबाच्या गाडीचे रूप कायम ठेवून तिच्यात नेहमीपेक्षा ताकदवान इंजिन, कडक सस्पेन्शन, मोठे ब्रेक आणि रुंद टायर बसवले, म्हणजे जी गाडी तयार होते तिला स्पोर्ट्स सलून म्हणतात. युरोपात १९६२ मध्ये आलेली अल्फा रोमिओची ज्युलिया किंवा १९८५ च्या सुमारास रस्त्यावर उतरलेली बीएमडब्ल्यूची एम-५ ही या वर्गाची ठळक उदाहरणे होत. भारतात मात्र हा वर्ग फार उशिरा आणि थोड्या संख्येने आला. १९९९ ची फोर्ड आयकॉन १.६ आणि व्हीटेक इंजिनाची होंडा सिटी यांनी गतीची चटक लावली, पुढे २००४ च्या सुमारास स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २०१० मध्ये रांजणगावच्या कारखान्यातील फियाट लिनिया टी-जेट आणि २०११ मध्ये स्कोडा लॉरा आरएस अशा गाड्या येत गेल्या. नवीन असताना त्या मोजक्याच घरांच्या आवाक्यात होत्या. आज त्यांतील अनेक गाड्या साध्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळतात, आणि बुलढाणा, चिखली, खामगाव यांसारख्या गावांतील तरुण व्यापारी, डॉक्टर, शिक्षक किंवा बागायतदार यांना त्या खुणावतात ते याचमुळे.

बुलढाणा जिल्ह्याशी यांतील सर्वांत निकटचे नाते स्कोडाचे आहे. या कंपनीचा भारतातील कारखाना २००१ मध्ये तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत सुरू झाला, तेथे ऑक्टाव्हिया, लॉरा आणि सुपर्ब यांची जुळणी झाली, आणि पुढे ऑडीच्या गाड्याही त्याच ठिकाणी जुळू लागल्या. शेंद्रा जालना रस्त्यावर असल्याने देऊळगाव राजा किंवा सिंदखेड राजा येथील माणसाला ते पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडते. त्यामुळे एमएच २० आणि एमएच २१, म्हणजे संभाजीनगर आणि जालना पासिंगच्या अशा गाड्या सरकत सरकत एमएच २८ मध्ये, म्हणजे बुलढाण्याच्या नोंदणीत येऊ शकतात. म्हणूनच या प्रकरणात स्कोडाचे उदाहरण मध्यवर्ती ठेवले आहे. त्यातील तत्त्वे लिनियाला, फोक्सवॅगनच्या व्हेंटोला किंवा बीएमडब्ल्यूच्या जुन्या थ्री-सीरिजलाही लागू पडतात.

या व्यवहाराचे मूळ गणित एका विसंगतीत आहे. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही, उलट काळाबरोबर चढत जाते. वीस वर्षांच्या ऑक्टाव्हिया आरएसचा टर्बोचार्जर गाडी स्वस्त झाली म्हणून स्वस्त होत नाही. तो अजूनही महागड्या गाडीचाच टर्बोचार्जर असतो. त्यामुळे ज्याच्या हातात गाडीच्या किमतीइतकेच पैसे आहेत त्याने ही गाडी घेऊ नये. ठरलेल्या रकमेच्या किमान एक तृतीयांश इतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवून उरलेल्या पैशांत जी गाडी बसेल तीच आपली, असा हिशेब ठेवणारा मालक टिकतो. याचा उपसिद्धान्तही लक्षात घेण्यासारखा आहे: दोन सारख्या गाड्यांपैकी जी महाग आहे पण जिच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या हाताशी आहेत, ती बहुतेक वेळा शेवटी स्वस्त पडते.

कोणती गाडी शोधावी याबाबत थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण एकाच नावाखाली फार वेगवेगळी यंत्रे विकली गेली. पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते, ज्यात प्रत्येक सिलिंडरला पाच, म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह असत आणि ज्याची भारतातील ताकद १५० अश्वशक्ती होती. युरोपातील आरएस १८० अश्वशक्तीची होती. लॉरा आरएसचे १.८ टीएसआय, म्हणजे नंतरच्या पिढीचे टर्बो पेट्रोल, इंजिन १६० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देई आणि त्याला सहा गिअरचा हाताने बदलण्याचा गिअरबॉक्स होता. टॉर्क म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. भरलेली गाडी घाट चढते ती मुख्यतः या जोरावर. २०१३ नंतरच्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयमध्ये १८० अश्वशक्ती आली, पण तिच्यासोबत सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स आला. डीएसजी म्हणजे दोन क्लच असलेला स्वयंचलित गिअरबॉक्स. एक क्लच विषम आणि दुसरा सम गिअर सांभाळतो, त्यामुळे गिअर निमिषात बदलतो. त्यातील कोरड्या क्लचच्या प्रकारात मेकॅट्रॉनिक नावाचा इलेक्ट्रॉनिक आणि हायड्रॉलिक असा संयुक्त भाग बिघडण्याच्या तक्रारी जगभर झाल्या. हा भाग बसवण्यासाठी खास संगणकीय साधने लागतात आणि ती तालुक्याच्या गावी सापडणे कठीण असते. बुलढाण्यात राहणाऱ्या माणसाने म्हणूनच हाताने बदलण्याच्या गिअरची गाडी घ्यावी, हे मत येथे आग्रहाने मांडावेसे वाटते. २०२० ची ऑक्टाव्हिया आरएस २४५ भारतात अवघी २०० गाड्यांपुरती आली. ती संग्राहकांची वस्तू झाली असून तिचा विचार वेगळ्या खिशाने करायचा असतो.

गाडी कोठून आली हे ती कशी दिसते यापेक्षा महत्त्वाचे असते. दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध घातले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना पाठबळ दिले, आणि तेव्हापासून तिकडच्या गाड्या पडेल भावात इतर राज्यांत जाऊ लागल्या. अशी गाडी महाराष्ट्रात कायमची ठेवायची तर मूळ नोंदणी प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८ वरची एनओसी, नवी नोंदणी आणि राज्याचा एकरकमी मोटार वाहन कर हे सर्व आले, आणि हा खर्च मिळवला की स्वस्ताईचा बराचसा भाग विरघळतो. पुरात बुडालेली गाडी हा त्याहून मोठा धोका आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील अतिवृष्टीत आणि २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यांतील काही धुऊन, पुसून, नवे आवरण चढवून बाजारात येतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी त्यांच्या वायरिंगला हिरवट गंज धरू लागतो. अशी गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण गुंडाळीच्या आतला पट्टा कोणी धूत नाही आणि चिखलाची रेघ तेथे राहून जाते. सीटच्या खालच्या बोल्टांवरचा गंज आणि चटईच्या खालच्या फोमचा वासही बोलका असतो. डिकीतील स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात हात फिरवावा. स्कोडाच्या अनेक गाड्यांत याच ठिकाणी कारखान्याची एक चिठ्ठी चिकटवलेली असते, जिच्यावर चेसिस क्रमांक, इंजिनाचा सांकेतिक गट आणि मूळ रंगाचा क्रमांक छापलेला असतो. ती जागच्या जागी असेल आणि आरसी बुकाशी जुळत असेल तर मागून मोठी धडक बसली नसल्याची ती पुष्कळ चांगली खूण आहे.

पाहणीला सकाळी जावे आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे की गाडी चालू करून ठेवू नका. बोनेटला हात लावून इंजिन थंड आहे याची खात्री करावी, कारण गरम इंजिन आपले बहुतेक दोष लपवते. टीएसआय इंजिनात कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन असते आणि तिला ताण देणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तो थकला असेल तर थंड इंजिन सुरू होताना पहिले दोन-तीन सेकंद साखळी खडखडल्यासारखा कोरडा आवाज येतो आणि मग थांबतो. हा आवाज ऐकूनही गाडी घेणे म्हणजे इंजिन उघडण्याच्या तयारीने घेणे होय, कारण साखळी दात सोडून घसरली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. जुन्या १.८ टर्बोमध्ये साखळीच्या जागी रबरी टायमिंग बेल्ट मुख्य काम करतो आणि पाण्याचा पंपही तोच फिरवतो. बेल्टला अंतराइतकेच वयही लागते. किलोमीटर कमी झाले म्हणून दहा वर्षांचा बेल्ट नवा राहत नाही. तो केव्हा बदलला याची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरावे आणि पहिल्याच कामात बेल्ट, टेन्शनर, रोलर आणि पंप हे एकत्र बदलून घ्यावेत. मजुरी एकदाच पडते आणि पंप सहा महिन्यांनी गळला म्हणून सगळे पुन्हा खोलावे लागत नाही.

सायलेन्सरचा धूर पाहणे ही जुनीच परीक्षा आहे आणि ती अजूनही खरी आहे: निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते, न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे हेडगॅस्केटमधून कूलंट सिलिंडरमध्ये उतरते, आणि काळा धूर म्हणजे इंधनाचे प्रमाण बिघडले आहे. सुरुवातीच्या काही टीएसआय इंजिनांत पिस्टनच्या तेलाच्या रिंगा अडकून तेल खाण्याचा दोष आढळला, म्हणून मालकाला थेट विचारावे की दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये तेल किती भरावे लागते. प्रश्न सहजपणे विचारला तर उत्तरही बहुधा खरे मिळते. त्यानंतर स्कॅनर लावून संगणकातील जुन्या दोषांच्या नोंदी वाचाव्यात, आणि जेथे शक्य असेल तेथे वेगवेगळ्या नियंत्रकांतील किलोमीटरची नोंद मीटरशी ताडून पाहावी. मीटर मागे फिरवलेल्या गाडीत ब्रेकच्या पेडलचे झिजलेले रबर आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग हे दोन साक्षीदार सहसा बदलायचे राहून जातात. नोंदी नुकत्याच पुसलेल्या आढळल्या तर तीही एक नोंदच आहे.

इंजिनाच्या संगणकातील कार्यक्रम बदलून ताकद वाढवलेल्या गाड्याही या बाजारात असतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच अर्थ स्पष्ट केला. कायदा बाजूला ठेवला तरी वाढवलेल्या टॉर्कचा भार क्लचवर, टर्बोवर आणि गिअरबॉक्सवर वर्षानुवर्षे पडलेला असतो, आणि तो नव्या मालकाला वारशाने मिळतो. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, उघडा शंकूसारखा एअर फिल्टर आणि टर्बोच्या नळीवर बसवलेली सुरसुरणारी झडप दिसली, तर सौदा तेथेच सोडणे बरे.

रस्त्यावरच्या परीक्षेसाठी बुलढाणा जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकांच्या बोलण्यातच आहेत. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आणि मलकापूर, नांदुरा हे पूर्णेच्या खोऱ्यात, या दोहोंना जोडणारा राजूर घाट मध्ये. खालून वर येताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला साधारण दोन हजार फेऱ्यांवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. निरोगी टर्बो जोर एकसारखा वाढवत नेतो. मध्येच झटके बसले तर इग्निशन कॉइल संशयित ठरते, आणि जोर येतच नसेल तर फुटलेली हवेची नळी किंवा थकलेला टर्बो. इंजिनाच्या फेऱ्या वाढतात पण गाडीचा वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट घसरत आहे. वर पोहोचल्यावर इंजिन तसेच चालू ठेवून रेडिएटरचा पंखा लागतो का ते पाहावे. येथे या गाड्यांचे एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे: त्यांचा तापमानाचा काटा बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मुद्दाम ९० अंशांवरच स्थिर दाखवला जातो, म्हणजे पाणी थोडे जास्त तापले तरी काटा हलत नाही. काटा नव्वदच्या पुढे सरकलेला दिसतो तेव्हा बिघाड बराच पुढे गेलेला असतो आणि गाडी तत्काळ थांबवावी लागते. घाट उतरताना ब्रेक तपासावेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डीओटी ४ या प्रतीचे नवे तेल २३० अंशांवर उकळते, तर ओलावा मुरलेल्या तेलाबाबत मानक केवळ १५५ अंशांची हमी मागते. उतारावर सतत ब्रेक दाबून तेल तापले आणि त्याच्या वाफेचे बुडबुडे नळीत धरले, की पेडल मऊ पडून खाली जाते. म्हणून किती किलोमीटर झाले हे न पाहता दर दोन वर्षांनी हे तेल बदलावे, आणि उतरताना खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनालाच गाडी धरू द्यावी.

गाडी दारात आल्यावर खरी देखभाल सुरू होते, आणि तिचा पहिला धडा तेलाचा आहे. टर्बोचार्जर म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त वायूंनी फिरणारी चक्की, जी दुसऱ्या टोकाने इंजिनात दाबून हवा भरते. तिचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हलक्या प्रतीचे तेल येथे जळून डांबरासारखे घट्ट होते, तेल खेचणाऱ्या जाळीत अडकते आणि मग टर्बो व इंजिन दोन्ही उपाशी पडतात. म्हणून डब्यावर फोक्सवॅगन समूहाचे ५०२ ०० हे मानांकन छापलेले पूर्ण सिंथेटिक तेलच घालावे. कंपनीच्या पुस्तिकेतील तेलबदलाचे अंतर युरोपातील थंडीला धरून आलेले असते. खामगाव-शेगावच्या ४० अंशांवरच्या उन्हाळ्यात आणि काळ्या मातीच्या धुळीत साडेसात हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल व फिल्टर बदलणे शहाणपणाचे ठरते. घाट चढून आल्याबरोबर किल्ली फिरवून इंजिन बंद करू नये; मिनिटभर ते संथ चालू दिले म्हणजे वाहते तेल टर्बोची उष्णता घेऊन जाते.

कूलंटच्या बाबतीत या जिल्ह्यात सर्रास होणारी चूक म्हणजे उन्हाळ्यात पातळी कमी दिसली की विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतणे. त्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. या गाड्यांना गुलाबी-जांभळट रंगाचे जी-१२ जातीचे कूलंट लागते, ते शुद्ध डिस्टिल्ड पाण्यात मिसळायचे असते आणि हिरव्या कूलंटशी त्याची भेसळ करायची नसते. थर्मोस्टॅटचे घर आणि नळ्यांचे जोड प्लॅस्टिकचे असल्याने पंधरा-वीस वर्षांत ते ठिसूळ होतात. ते फुटण्याची वाट न पाहता बदलावेत. इंधनाचा प्रश्न अलीकडचा आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले, आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या सामान्यतः या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि पाणी शोषते, त्यामुळे इंधनाच्या नळ्या आधुनिक प्रतीच्या बसवाव्यात, फिल्टर लवकर बदलावा आणि अर्धी टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये. उभ्या गाडीला या भागात आणखी एक शत्रू आहे. सोयाबीन आणि हरभऱ्याच्या पोत्यांच्या शेजारी गाडी ठेवली की उंदीर उबेसाठी बोनेटखाली शिरतात आणि वायरिंग कुरतडतात. गाडी रोज थोडी चालवणे आणि धान्यापासून दूर ठेवणे यापेक्षा परिणामकारक उपाय नाही.

टायरांकडे समृद्धी महामार्गाने नव्याने लक्ष वेधले आहे. मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून जाणाऱ्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि टायर फुटण्याच्या अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायरांची तपासणी सुरू केली. तापलेल्या काँक्रीटवर एकसारख्या वेगाने तासभर धावणे ही टायरची सर्वांत कठीण परीक्षा असते. टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांच्या रांगेच्या शेवटी चार अंक असतात. '२३१९' म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांनंतर रबर कडक होते आणि त्याला बारीक भेगा जातात. आकाराच्या शेवटी असलेले अक्षर वेगाची मर्यादा सांगते, उदाहरणार्थ '२०५/५५ आर १६ ९१ व्ही' यातील 'व्ही' म्हणजे ताशी २४० किलोमीटर. बदलताना स्वस्त म्हणून खालच्या अक्षराचा टायर घेऊ नये, आणि हवा टायर थंड असतानाच मोजावी.

दुरुस्ती कोणाकडून करावी हा प्रश्न मात्र गावानुसार सुटतो. संभाजीनगर किंवा नागपूरला अधिकृत सेवा मिळते, पण तेलबदल, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश आणि शॉकअब्सॉर्बर ही कामे चिखली किंवा खामगावचा चांगला फिटर उत्तम करतो, जर मालकाने योग्य भाग आणि योग्य माहिती त्याच्या हाती दिली तर. भागांसाठी मुंबईत कुर्ल्याचा आणि पुण्यात नाना पेठेचा बाजार आहे. तेथे मागणी करताना गाडीचे नाव पुरेसे नसते, कंपनीचा भाग क्रमांक सांगावा लागतो. आपल्या फिटरशी नाते जोडणे, त्याला स्कॅनर वापरायला प्रोत्साहन देणे आणि बदललेल्या प्रत्येक भागाची तारीख व किलोमीटर एका वहीत लिहून ठेवणे, एवढे करणाऱ्याची गाडी जिल्ह्यातही उत्तम चालते.

कागदपत्रांपैकी मालकी हस्तांतराच्या नमुना २९ आणि ३० वरच्या आवश्यक सह्या, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा नमुना ३५, आणि चालू पीयूसी हे आधी हातात घ्यावे, मगच पूर्ण रक्कम द्यावी. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. विमाही चौदा दिवसांत नावावर करून घ्यावा, अन्यथा आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो, आणि विकणाऱ्याचा 'नो क्लेम बोनस' गाडीबरोबर येत नाही हे हप्ता मोजताना धरावे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर ती तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क मोटारीसाठी पाच हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार करण्यात आले, त्याखेरीज राज्याचा पर्यावरण कर वेगळा. २००४-०५ ची ऑक्टाव्हिया आरएस आज याच वरच्या टप्प्यात आली आहे. ती पाहायला जाताना आरसीवरची वैधतेची तारीख सर्वांत आधी वाचावी आणि नूतनीकरण विकणाऱ्यानेच करून द्यावे अशी अट सौद्यात घालावी.